पहिल्या खोक्यातली ओटी

माझ्या मुलाने एका खोट्या कागदावर सही केली आहे आणि ते त्याला माहीत नाही. मला माहीत आहे. गेले सव्वीस दिवस मी हे मनात घेऊन घरात वावरते आहे. कणीक मळताना तेच, देवाला फूल वाहताना तेच, यांची रक्तदाबाची गोळी काढून देताना तेच. आज दुपारी त्याचा नागपूरहून फोन आला आणि तो म्हणाला, "आई, परवा जहाज लागते मेलबर्नले," तेव्हापासून तर एका जागी बसवत नाही. दोनदा उठून गॅस बंद आहे का पाहून आले. बंदच होता.

योगेंद्र चौतीस वर्षांचा आहे. तो नेमकं काय करतो हे वर्ध्याजवळच्या पिपरी मेघेत आमच्या गल्लीत अजून कुणाला धड कळलेलं नाही. समोरच्या काकू समजतात तो पासपोर्टाचं काम करतो. एकदा भाच्याचे फोटो घेऊन आल्या होत्या. हे, म्हणजे त्याचे वडील मधुकरराव, ज्यांनी जन्मभर वर्ध्याच्या बाजारात कापडाचं दुकान चालवलं, ते म्हणतात, "आमचा पोरगा म्हणजे दुसऱ्याच्या मालाची पत्रिका लिहिणारा जोशी." दोन स्थळं तर यातच गेली. मुलीच्या बापाने विचारलं, "आपण काय करता?" आणि याने अर्धा तास समजावून सांगितलं. बाप उठताना एवढंच म्हणाला, "बरं बरं. पण नोकरी कुठे आहे?"

गोष्ट तशी सोपी आहे. इथला माल दुसऱ्या देशात उतरायचा असेल तर तिथल्या कस्टमला आधी कागद लागतात. माल काय आहे, किती आहे, कितीचा आहे, कोणत्या खोक्यात किती नग, कोणत्या देशात तयार झाला, कोणत्या जहाजाने आला, लाकडाच्या फळ्यांवर ठेवला असेल तर त्या फळ्यांना कीड मारण्याची धुरी दिली होती का. एक कागद चुकला की माल बंदरात अडकतो. ज्यांना हे जमत नाही अशा इकडच्या लहान लहान व्यापाऱ्यांचे कागद योगेंद्र तयार करतो. आमच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक कम्प्युटर, फॅक्सचं यंत्र आणि भिंतीवर जगाचा नकाशा. नकाशावर वर्धा नाही. त्याने पेनाने ठिपका दिला आहे.

लहानपणापासून हा पोरगा असाच. बेचैन. शाळेचं दप्तर रात्री भरायचा, सकाळी रिकामं करून पुन्हा भरायचा. केळझरला गणपतीच्या दर्शनाला गेलो की सगळ्यांच्या चपला घेऊन एक पाय या रांगेत अन् दुसरा पाय त्या रांगेत ठेवून यायचा, म्हणजे चोराला जोड मिळू नये. मग देवापुढे हात जोडलेले आणि ओठ हलताहेत. मला वाटायचं स्तोत्र म्हणतो आहे. एकदा कान देऊन ऐकलं तर, "बाबांची उजवी तिसऱ्या रांगेत, आईची डावी खांबाजवळ."

बी. कॉम. झाल्यावर यांनी त्याला दुकानात बसवून पाहिलं. गिऱ्हाईकाला मीटर मोजून दिलेलं कापड तो पुन्हा मोजायचा. गिऱ्हाईक चिडायचं. शेवटी १९९५ साली यांच्या ओळखीने नागपूरला अण्णाजींकडे लावला. अण्णाजी अजनीच्या कंटेनर डेपोजवळ बसत, व्यापाऱ्यांच्या वतीने कस्टमची कामं करत. तोंडात सुपारी, अंगात खादीची बंडी, आणि जीभ अशी की ट्रक ड्रायव्हरही वचकून असत. एकदा एका व्यापाऱ्याने 'शुद्ध सुती' म्हणून लिहिलेल्या चादरींचा काठ अण्णाजींनी काडी लावून पेटवून पाहिला. दोरा वितळला, म्हणजे सूत नव्हतं. त्यांनी सगळा ट्रक दारातून परत धाडला. व्यापारी म्हणाला, "अण्णाजी, काठच त आहे! कोण पाहते?"

"तू पाह्यलं, मी पाह्यलं. दोघं झाले," अण्णाजी म्हणाले. मग योगेंद्रकडे वळून, "ऐकून ठेव रे वर्धेकर. तिथला माणूस तुले ओळखत नाई, तुह्या बापाले ओळखत नाई. तो फक्त कागद ओळखते. कागदच तुहं तोंड."

हे वाक्य योगेंद्रने घरी येऊन मला सांगितलं तेव्हा तो हसत होता. दोन वर्षांनी हसू गेलं. संत्र्याचे ट्रक बांगलादेशला जायचे होते. याने बिलावर सहाशे अठ्ठेचाळीस पेट्या टाइप केल्या आणि पेट्यांच्या यादीवर सहाशे चौऱ्याऐंशी. दोन अंक उलटे पडले, एवढंच. सीमेवर तीन दिवस ट्रक उभे राहिले. संत्री सडली. अण्णाजी नुसते ते दोन कागद शेजारी शेजारी ठेवून जेवायला निघून गेले. पुढचे दोन हिवाळे या पोराने संत्रं तोंडात घातलं नाही. नागपुरात राहून!

त्यातूनच त्याने वाचनाची पद्धत काढली. एकाने मोठ्याने वाचायचं, दुसऱ्याने कागदावर लाल पेन्सिलीने खूण करायची. आणि वरून खाली वाचून झालं की खालून वर वाचायचं, शेवटची ओळ आधी. तो म्हणतो, सुलटं वाचताना डोळा पुढे पळतो, काय असायला पाहिजे ते त्याला ठाऊक असतं. उलटं वाचलं की त्याला प्रत्येक शब्दापाशी थांबावंच लागतं. २००१ मध्ये तो नागपूर सोडून घरी आला आणि स्वतःचं काम सुरू केलं, तेव्हापासून त्याची वाचणारी मी. अडुसष्ट साली इंग्रजी घेऊन बी. ए. झाले, त्यानंतर तेहतीस वर्षं त्या इंग्रजीला मी औषधाच्या बाटल्या वाचण्यापलीकडे काम दिलं नव्हतं. रात्री जेवणं झाली की आम्ही दोघं बसायचो. मी पोथीसारखं वाचायची, तो खुणा करायचा. हे आतून ओरडायचे, "झाला का अध्याय? दिवा मालवा!"

पाच वर्षांत माझ्या वाचनातून एकही चूक सुटली नाही. ती सुटली यंदा, आणि चुकूनही सुटली नाही.

अल्लीपूरला गजेंद्र म्हणून त्याचा शाळेपासूनचा मित्र आहे. त्याने गावात बावीस हातमाग घातले, बायकांना काम दिलं. सुती सतरंज्या होतात, दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या. इतकी वर्षं माल नागपूर-रायपूरला जायचा. मेलबर्नच्या एका दुकानदार बाईंनी कुठल्याशा प्रदर्शनात सतरंज्या पाहिल्या आणि एकशे ऐंशी खोक्यांची मागणी आली. गजेंद्र म्हणाला, "मले ते कागद-बिगद कळत नाई बाप्पा. तू भागीदार होय." योगेंद्र झाला. म्हणजे दुसऱ्याच्या मालाचे कागद करता करता पहिल्यांदा त्याचा स्वतःचा माल निघाला. तीन महिने तो आठवड्यातून चार दिवस अल्लीपुरातच. कधी मी सोबत जायची, लेबलं शिवून घ्यायला.

मागावरच्या बायकांत सुंदराबाई मोठी. पन्नाशीची, हात असा की मागावरचा धावता धोटा दिसत नाही, नुसता आवाज येतो. योगेंद्र तिला एकेक कागद दाखवायचा, कारण ती विचारायचीच. माल भारतात तयार झाल्याचं प्रमाणपत्र आलं तेव्हा तो म्हणाला, "सुंदरामावशी, हे पाहा. तुमच्या सतरंजीचा जन्माचा दाखला."

"अगाई! माह्या नातवाचा अजून निघाला नाई, तहसीलात सहा चकरा झाल्या. सतरंजीचा निघाला?"

"सतरंजीच्या बापाले चकरा माराची सवय आहे, मावशी."

आणि लाकडाच्या फळ्या धुरी देऊन, ठप्पा मारून आल्या तेव्हा ती त्या ठप्प्यावर बोट फिरवून म्हणाली, "लाकडाले बी सही लागते काय तुमच्या त्या देशात? लई संशयी लोक दिसते बाप्पा."

"संशयी नाई. त्याइले भेव वाटते. आपल्याकडचा एखादा किडा, एखादं बी तिथं गेलं, अन् तिथली शेती खाल्ली त? चारही बाजूंनं समुद्र आहे त्यांच्या. बाहेरचं काही येऊ देत नाई."

हे त्याने सांगितलं तेव्हा मी तिथेच होते. लेबलं शिवत होते. ऐकलंही होतं. म्हणून मला माहीत नव्हतं असं मी म्हणू शकत नाही.

माल निघायच्या दिवशी सकाळी अल्लीपूरला शेडमध्ये पूजा होती. ट्रकला हार, मागांना हळदकुंकू. योगेंद्र आणि गजेंद्र बाहेर ताडपत्रीवरून ड्रायव्हरशी हुज्जत घालत होते. आत एक नंबरचा खोका तेवढा उघडा होता, पट्टी लागायची होती. सुंदराबाई हातात सूप घेऊन आली.

"बाई, हे असंच बंद करून राह्यले? रितं?"

"रितं कुठे? सोळा सतरंज्या आहेत त्यात."

"ते नाई वो. तीन महिने लेकीसारखं वाढवलं, आता सासरी चालली, ते बी सातासमुद्रापार. रित्या ओटीनं लेक पाठवते का कोणी? तुम्ही त शिकेल बाई, तुम्हीच सांगा."

बाकीच्या बायका भोवती जमल्या. कुणीतरी म्हणालं, "भरा वो बाई, पह्यला हात तुमचा." मला एक मुलगी झाली होती, दीड वर्षाची होऊन गेली. मी कधी कुणाची ओटी भरून सासरी पाठवली नाही. त्या क्षणी मला किडा आठवला नाही, समुद्र आठवला नाही. मी हिरवा खण पसरला. पाच मुठी तांदूळ घातले, एक हळकुंड, एक सुपारी, खोबऱ्याची वाटी. गाठ मारली आणि तिसऱ्या-चौथ्या सतरंजीच्या मधे सारून दिली. सुंदराबाईने खोक्यावरून बोटं मोडली. गजेंद्र आत येईपर्यंत पट्टी लागली होती. सगळ्या बायका डोळे पुसत हसत होत्या, आणि योगेंद्र दारातून म्हणाला, "काय झालं वो मावशी, रडाले काऊन बसल्या? परत येत नाई ते, पण पैसे येते!" सगळ्या खदखदून हसल्या. मीही हसले.

त्या रात्री आम्ही वाचायला बसलो. बिल झालं. खोक्यांची यादी झाली. मग एक नवा कागद आला, मी आधी कधी न वाचलेला. ऑस्ट्रेलियासाठी तो लागतो. माल बांधणाऱ्याने लिहून द्यायचं की बांधणीत गवत, पेंढा, भुसा वापरलेला नाही. आणि त्या दुकानदार बाईंच्या सांगण्यावरून योगेंद्रने खाली आणखी एक ओळ घातली होती: कोणत्याही खोक्यात धान्य, बियाणं, फळ किंवा वनस्पतीचा कोणताही भाग नाही. मी इंग्रजीत वाचत होते. 'ग्रेन' म्हणाले आणि थांबले.

"काय झालं?" त्याने पेन्सिल वर धरली होती.

मी चष्मा काढला. पदराने पुसला. "काही नाही. भिंग धुरकटलं."

पुढे वाचलं. मग खालून वर वाचलं, म्हणजे ती ओळ माझ्या तोंडून दोनदा गेली. दोन्ही वेळा त्याने लाल खूण केली. मग पेन घेतलं. सही करताना तो पेन दोनदा उचलतो, नावाच्या मधे एकदा आणि आडनावाआधी एकदा, जणू अजून थांबता येईल. तसंच केलं. मग म्हणाला, "आई, अण्णाजी म्हणते तसं, हे आपलं तोंड. अकरा वर्षं दुसऱ्याचं तोंड होतो, आज पह्यल्यांदा आपलं."

तेव्हा सांगता आलं असतं. ट्रक अजनीला पोचला होता आणि कंटेनरला सील दुसऱ्या दिवशी अकराला लागणार होतं. एक खोका उघडायचा, खण काढायचा, पट्टी लावायची. दहा मिनिटांचं काम. पण मला वाटलं, एवढा आनंदात आहे, आता कुठे. मला वाटलं, सुंदराबाईला कुणी बोलेल. आणि खरं सांगायचं तर मला वाटलं, एकशे ऐंशी खोक्यांत मूठभर तांदूळ, कोण पाहतं? काठ जाळून पाहणाऱ्या अण्णाजींची गोष्ट मला पाठ होती, तरी मी त्या व्यापाऱ्यासारखंच म्हटलं.

मग रोज तो नकाशापुढे उभा राहून सांगायचा. आज न्हावा-शेवाहून निघालं. आज कोलंबो. आज माल बदली होऊन दुसऱ्या जहाजावर चढला. त्याचं बोट निळ्यावरून खाली खाली सरकत होतं. मी पोहे परतायची आणि म्हणायची, "हो का."

परवा तो पुढच्या कामासाठी नागपूरला गेला, अण्णाजींकडेच उतरला आहे. आज दुपारच्या फोनवर त्याने सगळं सांगितलं. शुक्रवारी जहाज लागतं. तिथले कस्टम एजंट उद्या गुरुवारी सकाळी ऑफिस उघडल्या उघडल्या कागद दाखल करणार. पहिल्यांदाच माल पाठवणाऱ्याचे काही खोके उघडून पाहतात, आणि बहुतेक सुरुवात एक नंबरापासून.

मी विचारलं, "आणि समजा कागदात काही राहिलं असेल तर?"

"दाखल व्हायच्या आधी कळवलं त दुरुस्ती. तो खोका बाजूला काढते, आतलं जाळते, बाकी माल मोकळा. मंग कळलं, किंवा त्याइनं काढलं, त ते खोटं बोलणं झालं. माल परत, अन् माह्या नावापुढे कायमची खूण. मंग कोण माह्याकडून कागद करून घेईल, आई? पण तू काऊन घाबरते? तूच त वाचलं. तू वाचलं म्हणजे झालं. निवांत झोपजो आज."

फोन ठेवला.

संध्याकाळी यांना सांगितलं. यांनी ताटावरून मान वर केली. "ओटी? मूठभर तांदूळ? अरे देवा. अवो, त्या गोऱ्याले काय कळते? त्याले वाटेल सोबत खिचडी फुकट दिली." मग माझं तोंड पाहून हसणं आवरलं. "हे पाहा, आता पोराले सांगू नको. मुश्किलीनं उभा झाला आहे. नाई सापडलं त नाई सापडलं. गजानन महाराज आहे."

"आणि सापडलं तर?"

"तं तवा सांगू, आमाले माहीत नव्हतं म्हणून."

म्हणजे आणखी एक खोटा कागद. हे झोपले. घोरण्याचा आवाज इथपर्यंत येतो आहे.

मी त्याच्या टेबलाशी बसले आहे. मला योगेंद्रच्या रागाची भीती नाही. तो रागावत नाही. तो काय करील ते मला दिसतं आहे. म्हणेल, ठीक आहे. उद्यापासून कुठलीही चूक झाली तरी मला वाचायला बोलावणार नाही. दोन कागद शेजारी शेजारी ठेवून एकटाच खुणा करील. तेव्हा संत्री सोडली होती तसंच. सव्वीस दिवस मी त्याचं नाव वाचवत होते, असं स्वतःला सांगत आले. नकाशाकडे पाहते आहे तर कळतं, मी माझी खुर्ची वाचवत होते, त्याच्या समोरची.

आणि तो म्हणेल, "त्या बायकांना मी काय सांगू?" सुंदराबाईला मी सांगेन. तिला खोटं वाटणार नाही. तिला वाईट वाटेल की लेकीची ओटी जाळली. ते मलाही वाटेल.

त्याने भिंतीवर दोन घड्याळं लावली आहेत, एक आपलं, एक साडेचार तास पुढे ठेवलेलं. चार महिने त्याने मेलबर्नच्या वेळेवर काढले. तिथलं ऑफिस नऊला उघडतं. म्हणजे आपल्या पहाटे साडेचारला. सकाळी चहा झाल्यावर सांगू असं मी संध्याकाळपासून म्हणते आहे. सकाळी चहा होईपर्यंत कागद दाखल झालेले असतील. आत्ता आपल्या घड्याळात पावणेतीन. त्याला मेलबर्नच्या त्या दुकानदार बाईंना पत्र लिहायला, एजंटला कळवायला तेवढा वेळ पुरेल. अण्णाजी उठतील, खोकतील, विचारतील कोणाचा फोन. उठू देत.

त्याने शिकवलं तसं लिहून घेतलं आहे. खोका क्रमांक एक. तिसऱ्या आणि चौथ्या सतरंजीच्या मधे. हिरवा खण, एक. तांदूळ, पाच मुठी, अंदाजे पाव किलो. हळकुंड एक. सुपारी एक. खोबऱ्याची वाटी एक. ठेवणारी, मी. सही करणाऱ्याला माहीत नव्हतं. वाचणारीला माहीत होतं. हे खालून वर एकदा वाचून पाहिलं. काही सुटलेलं नाही.

त्याचा नंबर मला पाठ आहे. मी लावते आहे.